कातळात राखलेलं पाणी

सह्याद्रीच्या माथ्यावर चार महिन्यांत जेवढा पाऊस कोसळतो, तेवढा देशाच्या फार थोड्या भागांच्या वाट्याला येतो. महाबळेश्वरची वार्षिक सरासरी 5,000 मिलिमीटरच्या वर आहे. तरीही माघ-फाल्गुनात याच डोंगरांवरचे ओढे कोरडे पडतात आणि चैत्र-वैशाखात पायथ्याच्या वाड्यावस्त्यांवरच्या बायका दोन हंडे पाण्यासाठी उन्हातान्हात चढ-उतार करतात. कारण उघड आहे. डोंगर उभे आहेत, माथ्यावर माती वीतभर आणि तिच्याखाली काळा कातळ. पडलेलं पाणी थांबणार कुठे? काही तासांत ते कडे उतरून एकीकडे कोकणात आणि दुसरीकडे देशावर निघून जातं.

म्हणजे इथे पाऊस पडण्याचा प्रश्न कधीच नव्हता. प्रश्न होता तो पडलेलं पाणी पुढचे आठ महिने धरून ठेवायचा. या डोंगरांत दोन हजार वर्षांहून अधिक काळ माणसं राहत आली. आधी लेण्यांतले भिक्खू, घाटवाटांवरचे व्यापारी, मग गडांवरचे किल्लेदार, शिबंदी आणि त्यांची बायका-मुलं. या सगळ्यांनी त्या प्रश्नाला एकच उत्तर दिलं: कातळ खोदा आणि त्यात पाणी राखा. त्या उत्तराचं नाव टाकं. लेणं पाहायला गेलेला माणूस शिल्पं पाहतो, गडावर गेलेला तटबंदी आणि बुरूज पाहतो. पण ज्याच्याशिवाय तिथे कुणी एक उन्हाळाही काढू शकला नसता, ते टाकं बहुतेकांच्या नजरेतून सुटतं. हे प्रकरण त्या टाक्यांविषयी आहे.

कातळ निवडायचा कसा?

महाराष्ट्राचा बहुतेक भाग बेसॉल्ट या खडकाचा आहे. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हा उसळला, पसरला, थिजला. त्यावर पुन्हा दुसरा प्रवाह आला, मग तिसरा. सह्याद्रीचा कुठलाही कडा लांबून पाहिला, तर आडव्या पट्ट्यांची ही रचना स्पष्ट दिसते. मात्र सगळे थर सारखे नाहीत. काही प्रवाहांचा खडक घट्ट आणि फार कठीण असतो, पण थिजताना आकसल्यामुळे त्याला उभ्या भेगा पडलेल्या असतात. काही प्रवाहांमध्ये वायूचे बुडबुडे अडकून राहिले, त्यांच्या पोकळ्यांत पुढे झिओलाइटसारखी पांढरी खनिजं भरली. हा खडक छिन्नीला त्या मानाने लवकर वश होतो आणि त्यात भेगा कमी असतात. दोन प्रवाहांच्या मधे कुठेकुठे विटकरी रंगाचा मातीसारखा पट्टा असतो. त्यातून पाणी सहसा खाली जात नाही, म्हणून वरून झिरपत आलेलं पाणी त्या पट्ट्याच्या डोक्यावर बाजूला पाझरतं.

टाकं खोदणाऱ्याला या तिन्हींची ओळख असावी लागे. भेगाळ खडकात कितीही कष्ट केले तरी पाणी पौषापर्यंत निघून जाणार. भेगा नसलेल्या खडकात खोदलं तर ते वर्षभर राहणार. आणि पाझराच्या पट्ट्याशी गाठ घालून खोदलं तर टाक्याला आतूनही थोडं थोडं पाणी मिळत राहणार. ज्या टाक्यांना गावकरी ‘जिवंत पाण्याचं टाकं’ म्हणतात, त्यांतल्या बऱ्याच टाक्यांचं गुपित हेच आहे. शिवनेरीवरची गंगा-जमुना टाकी भर उन्हाळ्यातही पाणी देतात, म्हणून आजही गडावर येणारी माणसं तिथे थांबतात.

या खडकाचं मोल दुसऱ्या देशांतली टाकी पाहिली की नीट कळतं. इस्तंबूलमध्ये सम्राट जस्टिनियनने सहाव्या शतकात बांधलेलं 336 खांबांचं भुयारी टाकं जगप्रसिद्ध आहे, पण ते विटांचं बांधकाम आहे आणि पाणी धरावं म्हणून त्याच्या भिंतींना जलरोधक गिलावा द्यावा लागला. इस्रायलमधल्या मसादा या डोंगरी किल्ल्यावर हेरोद राजाने खडकात प्रचंड टाकी खोदवली, पण तिथला खडक पाणी धरणारा नव्हता, म्हणून आतून गिलावा करावा लागला. सह्याद्रीतली बहुतेक टाकी मात्र नुसत्या कातळाची आहेत. ना चुना, ना वीट. योग्य थर सापडला की भिंत, तळ आणि छत हे सारं डोंगरच पुरवतो. म्हणूनच इथे खरं कौशल्य खोदण्याआधीच पणाला लागे: जागा हेरण्यात.

कान्हेरी: एक टाकं जवळून

मुंबईत बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातल्या कान्हेरीच्या डोंगरावर शंभरावर लेणी आहेत. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकाच्या सुमाराला इथे खोदकाम सुरू झालं आणि पुढे हजारएक वर्षं इथे भिक्खूंची वस्ती नांदली. प्रारंभी भिक्खूंनी एका जागी राहायचं ते फक्त पावसाळ्यात, वर्षावासासाठी. पुढे विहार कायमचे झाले, बारमाही वस्ती झाली आणि त्याबरोबर बारमाही पाण्याची गरज आली. कान्हेरीत जवळजवळ प्रत्येक लेण्याला स्वतःचं टाकं आहे, ते यामुळे.

एखाद्या साध्या विहारापुढे उभं राहून पाहू. पुढे कातळात कोरलेलं छोटं अंगण, अंगणातून दोन-चार पायऱ्या चढून ओसरी, ओसरीच्या आत भिक्खूची खोली आणि झोपायचा दगडी ओटा. अंगणाच्या एका बाजूला कातळात कोनाड्यासारखी खोबण काढलेली आहे आणि तिच्या तळाशी चौकोनी तोंड आहे. एक माणूस वाकून दोराने भांडं सोडू शकेल एवढंच ते मोठं. पण आत डोकावलं तर दिसतं की पाण्याची खोली सगळ्या बाजूंनी पसरत अंगणाखाली गेली आहे. तोंड लहान, पोट मोठं.

या तोंडाच्या काठावरून बोट फिरवलं की एक खाच लागते. ती सभोवार सारख्या रुंदीची आहे. झाकण बसावं, सरकू नये आणि वरून वाहून येणारा पालापाचोळा आत पडू नये म्हणून ती कोरलेली आहे. मान वर करून लेण्याच्या कपाळावरचा कातळ पाहिला, तर तिथे तिरकी पन्हळ दिसते. डोंगरउतारावरून येणारं पाणी ओसरीवर न गळता बाजूला वळावं आणि टाक्याकडे यावं, यासाठी तिला बेताचा उतार दिला आहे. पुढे डोंगरावर चालत गेलं की अशा पन्हळी जागोजागी भेटतात. कुठे एका टाक्याचं भरून वाहिलेलं पाणी खालच्या टाक्याकडे नेलेलं असतं. वरच्या टाक्यात गाळ बसतो, खालच्यात निवळ पाणी उतरतं. लेणी वेगवेगळ्या काळांत, वेगवेगळ्या दात्यांच्या पैशांतून खोदली गेली, तरी पाण्याच्या बाबतीत अख्खा डोंगर एकत्र विचारात घेतलेला दिसतो.

लहान तोंडाचे फायदे तीन. ऊन आत जात नाही, त्यामुळे पाणी कमी उडतं. उजेड नाही म्हणून शेवाळ कमी धरतं. आणि तिसरा फायदा सर्वांत मोठा: माणूस पाण्यात उतरत नाही. बौद्ध भिक्खूच्या मोजक्या वस्तूंमध्ये पाणी गाळायचं वस्त्र असे. तेव्हा स्वच्छ पाण्याची काळजी त्या जीवनपद्धतीतच होती.

माणूस पाण्यात उतरला की काय होतं, हे आपल्याकडच्या जुन्या पिढ्यांनी नारूच्या रूपाने भोगलं. नारू झालेला माणूस पायऱ्यांच्या विहिरीत उतरे, त्याच्या पायाच्या फोडातून जंताची पिल्लं पाण्यात जात, तिथल्या सूक्ष्म जीवांच्या पोटात वाढत आणि ते पाणी न गाळता पिणाऱ्या दुसऱ्या माणसाच्या शरीरात शिरत. भारतातला नारूचा शेवटचा रुग्ण 1996 मध्ये आढळला आणि 2000 मध्ये देश नारूमुक्त म्हणून जाहीर झाला. हे साधलं त्यात पायऱ्यांच्या विहिरी बंद किंवा बंदिस्त करण्याचा आणि पाणी गाळून पिण्याचा मोठा वाटा होता. कान्हेरीच्या पाथरवटाला नारूच्या जंताचं जीवनचक्र ठाऊक असण्याचं कारण नाही. पण वरून पाणी शेंदायची त्याची रीत आरोग्याच्या कसोटीवर खरी उतरते.

टाकं कुणी दिलं?

टाकं खोदणं हे महिनोन्‌महिन्यांचं, खर्चाचं काम होतं. तो खर्च कुणी केला हे सांगायला लेणी स्वतःच बोलतात. ब्राह्मी लिपीतल्या शिलालेखांमध्ये टाक्याला ‘पोढी’ म्हटलं आहे आणि पोढी दान केल्याचे लेख सह्याद्रीत ठिकठिकाणी आहेत.

कामशेतजवळच्या पाले इथल्या लेण्यात इंदरखित नावाच्या भदंताने, म्हणजे आदरणीय भिक्खूने, लेणं आणि त्याबरोबर पोढी करवल्याची नोंद आहे. भाजे इथे कोसिकीपुत्र विण्हुदत या महारठीने, म्हणजे बड्या सरदाराने, पोढी दिली. नाशिकच्या त्रिरश्मी डोंगरावर क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात आपण लेणं करवलं हे सांगताना पोढ्यांचाही उल्लेख करतो. जुन्नरजवळच्या मानमोडी डोंगरात नहपानाचा अमात्य अयम याने त्या काळच्या गणनेनुसार 46 व्या वर्षी पोढी आणि मंडप पुण्यासाठी केल्याचा लेख आहे. जुन्नरच्याच लेण्यांत इरिल नावाच्या यवनाने दोन पोढ्या दिल्या. यवन म्हणजे समुद्रापलीकडून, पश्चिमेकडून आलेला परदेशी. तो इथे आला, राहिला आणि आपलं नाव मागे ठेवावंसं वाटलं तेव्हा त्याने पाणी दिलं.

कान्हेरीतल्या एका टाक्यावरचा लेख तर इतिहासाच्या अभ्यासकांना अनमोल वाटतो. तो संस्कृतात आहे आणि बराच झिजलेला आहे. वासिष्ठीपुत्र सातकर्णी या सातवाहन राजाची राणी कार्दमक कुळातल्या महाक्षत्रपाची मुलगी होती, हे त्यावरून कळतं. सतेरक नावाच्या विश्वासू अमात्याने हे टाकं दान केलं. राणीचा पिता रुद्रदामन असावा, असं बहुतेक अभ्यासक मानतात. सातवाहन आणि क्षत्रप ही एकमेकांशी लढणारी घराणी. त्यांच्यात सोयरीक होती याचा पुरावा कुठल्या राजवाड्यातून आला नाही. तो एका टाक्यावरून आला. आणि रुद्रदामनाचा स्वतःचा प्रसिद्ध लेख, इसवी सन 150 च्या सुमाराचा गिरनारचा, तोही पाण्याचाच आहे: वादळात फुटलेला सुदर्शन तलावाचा बांध पुन्हा बांधल्याची ती हकिकत आहे.

या दात्यांत राजाचा जावई आहे, अमात्य आहे, महारठी आहे, भिक्खू आहे, परदेशी आहे. नाणेघाटातल्या एका टाक्यावर सातवाहन राजाच्या 13 व्या राज्यवर्षाचा उल्लेख असलेला लेख आहे, तिथे दाता एक साधा गृहस्थ आहे. सोपारा-कल्याणच्या बंदरांतून माल चढवून जुन्नरकडे निघालेला तांडा हाच घाट चढे. कोकणातल्या दमट उकाड्यात उभी चढण चढून आलेल्या माणसाला आणि जनावराला माथ्यावर पहिली गरज पाण्याची. घाटमाथ्यावरची ती टाकी म्हणजे त्या व्यापारी मार्गाचा आधारच होती. मार्ग चालायचा तर पाणी हवं, हे राज्यकर्त्यांनाही कळत होतं आणि वाटेने जाणाऱ्यांनाही.

छताखालचं पाणी

आता थोडा हिशेब करू, कारण टाक्याचा आकार असा का हे हिशेबानेच पटतं.

समजा, एक टाकं 5 मीटर लांब, 4 मीटर रुंद आणि 3 मीटर खोल आहे. त्यात 60 घनमीटर, म्हणजे 60,000 लिटर पाणी मावतं. ते भरायला किती पाऊस लागेल? एक चौरस मीटर कातळावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी मिळतं. वर्षाला 2,000 मिलिमीटर पाऊस धरला आणि त्यातला पाऊण हिस्सा पन्हळीतून टाक्यात पोचला, तर एका चौरस मीटरमागे 1,500 लिटर. म्हणजे 60,000 लिटरसाठी उघडा कातळ हवा अवघा 40 चौरस मीटर. दोन मोठ्या खोल्यांएवढी जागा. सह्याद्रीत टाकं भरणं किती सोपं आहे, हे यावरून ध्यानात येईल.

अवघड आहे ते पुढचं. पिण्याला आणि स्वयंपाकाला माणशी रोज 5 लिटर धरले, तर आठ महिन्यांना म्हणजे 240 दिवसांना एका माणसाला 1,200 लिटर लागतात. 60,000 लिटरवर 50 माणसं निभावतील. पण टाकं उघडं असेल तर? ऊन-वाऱ्याने रोज सरासरी 5 मिलिमीटर पाणी उडतं असं धरलं, तर 240 दिवसांत 1.2 मीटर पाणी नाहीसं होतं. तीन मीटरांतले जवळपास सव्वा मीटर हवेत गेले. लिटरमध्ये सांगायचं तर 24,000 लिटर, म्हणजे 20 माणसांचं आठ महिन्यांचं पाणी.

खांबटाकं हे या नुकसानीवर काढलेलं उत्तर आहे. ते वरून खाली खोदत नाहीत, कड्याच्या किंवा उताराच्या अंगातून आडवं आत खोदतात. वरचा कातळ छत म्हणून तसाच राहतो आणि ते छत तोलायला जागोजागी दगडी खांब सोडलेले असतात. आतलं पाणी सदा सावलीत. जीवधन, चावंड, हडसर या जुन्नर परिसरातल्या गडांवर, तसंच हरिश्चंद्रगड, रतनगड, अलंग, कुलंग अशा उत्तरेकडच्या गडांवर कातळातली टाकी मोठ्या संख्येने आहेत आणि त्यांत अशी खांबटाकीही आहेत. चावंडवर सात टाक्यांचा एक समूह आहे, त्याला सप्तमातृकांचं नाव आहे. हरिश्चंद्रगडाच्या केदारेश्वराच्या गुहेत तर पाण्यातच मोठं शिवलिंग आहे. भोवतीच्या चार खांबांतला एकच आज पूर्ण उभा आहे आणि कमरेएवढ्या थंड पाण्यातून लोक लिंगाला प्रदक्षिणा घालतात.

एखाद्या खांबटाक्यात पाणी उतरलेलं असताना आत पाहावं. भिंतीवर छिन्नीच्या तिरक्या रेघा एकमेकींना समांतर ओळीने उतरत जातात. कारागिराचा हात कुठून कुठे चालला हे त्या रेघा दाखवतात. एका उंचीला रेघांची दिशा बदलते, म्हणजे तिथवर खोदून झाल्यावर तो खालच्या टप्प्यावर उभा राहिला. खांब वरून खाली बारीक होत नाहीत, उलट पायाशी जरा जाडच सोडलेले असतात. चूक झाली तर ती सुधारायला वाव नव्हता. एकदा उडवलेला दगड परत बसत नाही. अंधारात, धुळीत, डोक्यावर डोंगर घेऊन हे काम करणाऱ्या पाथरवटांची नावं लेखांत सहसा सापडत नाहीत. दात्यांची आहेत. त्यांचं काम मात्र दोन हजार वर्षांनीही पाणी धरून आहे.

ज्या टाक्यांना कातळाचं छत देता आलं नाही, त्यांच्या काठावर काही ठिकाणी खांब रोवायचे खळगे आढळतात. उन्हाळ्यात त्यांत लाकडं उभी करून वर गवत-पाल्याचं छप्पर घालायची ती सोय. पाणी उडू द्यायचं नाही, हा कटाक्ष इथेही दिसतो.

गडाचं पाणी

मध्ययुगात डोंगरी किल्ल्यांचं महत्त्व वाढलं, तशी टाक्यांची संख्याही वाढली आणि त्यांचं काम अधिक कडक झालं. वेढा पडला की गडावरच्या माणसांना खाली उतरता येत नाही. धान्याची कोठारं भरलेली असली तरी पाणी संपलं की गड गेला.

रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’त, 1715 च्या सुमाराला, याविषयी स्पष्ट सूचना आहेत. आधी पाणी पाहावं आणि मग किल्ला बांधावा, हा पहिला नियम. पाणी नाही पण जागा सोडता येत नाही अशी असेल, तर खडक फोडून सगळ्या गडाला पुढच्या पावसाळ्यापर्यंत पुरतील अशी तळी-टाकी भक्कम बांधावीत. गडावर झरा आहे म्हणून निर्धास्त राहू नये. लढाईत तोफांच्या दणक्याने झरे मंदावतात आणि पाण्याचा खर्च मात्र वाढतो. म्हणून दोन-चार टाकी केवळ राखीव ठेवावीत, त्यातलं पाणी एरवी वापरूच देऊ नये. गडाचं पाणी फार जपून राखावं. साठा, राखीव साठा आणि वापरावरचा निर्बंध: पाण्याच्या नियोजनाची तिन्ही सूत्रं या मोजक्या वाक्यांत आली आहेत. ती लिहिणारा माणूस शिवकालापासून राज्यकारभार पाहिलेला अनुभवी मुत्सद्दी होता, हेही ध्यानात ठेवायला हवं.

रायगड पाहिला की ही सूत्रं प्रत्यक्ष दिसतात. एवढ्या मोठ्या राजधानीसाठी एकदोन टाकी पुरणारी नव्हती. गंगासागर, हत्ती तलाव, कुशावर्त, कोळीम अशी तळी आणि शिवाय खडकातली अनेक टाकी मिळून तिथली व्यवस्था उभी राहिली. जगदीश्वराच्या मंदिरातल्या संस्कृत शिलालेखात गड बांधणाऱ्या हिरोजीने तिथे काय काय उभारलं ते सांगताना राजवाडे, खांब यांच्याबरोबर विहिरी आणि तळीही मोजली आहेत. बांधणाऱ्याला आपल्या तळ्यांचा अभिमान होता. शिवाय गडांवर टाकं किंवा तळं खोदताना निघालेला दगड तट-वाड्यांच्या कामी येई, त्यामुळे खालून दगड वाहून आणायचे कष्ट वाचत. एकाच मेहनतीत पाण्याची जागाही झाली आणि बांधकामाचं सामानही.

राजगडावर पद्मावती माचीवर मोठा तलाव आहे आणि बालेकिल्ल्यावर वेगळं चंद्रतळं आहे. माची पडली तरी बालेकिल्ला लढू शकावा, म्हणून त्याचं पाणी स्वतंत्र. समुद्रातल्या सिंधुदुर्गावर चहूबाजूंनी खारं पाणी असताना आत दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत. त्या नसत्या तर तो किल्ला तिथे टिकलाच नसता.

टाकं एकदा खोदून भागत नाही

टाक्याची खरी परीक्षा खोदून झाल्यावर सुरू होते. दर पावसात पन्हळीतून माती येते, पाला येतो, आजूबाजूचे दगड ढासळतात. दर उन्हाळ्यात, पाणी तळाला गेलं की गाळ उपसावा लागतो, पन्हळी मोकळ्या कराव्या लागतात. विहारात भिक्खू होते, गडावर शिबंदी होती, तोवर हे होत राहिलं. पुढे विहार ओस पडले. 1818 मध्ये पेशवाई गेली आणि इंग्रजांनी अनेक गडांच्या पायऱ्या आणि दरवाजे सुरुंगांनी उडवले. माणसं खाली उतरली आणि टाक्यांचं कुणी राहिलं नाही. आज कित्येक टाकी गळ्यापर्यंत गाळाने भरली आहेत. त्यांत झुडपं उगवली आहेत आणि झुडपांची मुळं कातळाच्या बारीक भेगा रुंद करताहेत.

ती अवस्था सुधारता येते. रायगडावरचा हत्ती तलाव वर्षानुवर्षं गळत होता. गळतीच्या जागा शोधून त्या बुजवल्यावर 2020 च्या पावसात तो काठोकाठ भरला. अनेक दुर्गप्रेमी मंडळं सुट्टीच्या दिवशी घमेली-फावडी घेऊन गडावर जातात, गाळ उपसतात आणि पुढच्या उन्हाळ्यात तिथे पाणी दिसतं. हे श्रमदान मोलाचं आहे. मात्र त्याला एक जोड हवी. टाक्यातला गाळ हा पुराव्याचा साठा असतो. खापरं, नाणी, लोखंडी वस्तू, तोफगोळे, कधी शिल्पांचे तुकडे, हे सारं थराथराने त्यात उतरलेलं असतं. कोणती वस्तू कोणत्या थरात होती याची नोंद न करता गाळ उकरून दरीत लोटला, तर पाणी मिळतं पण इतिहास कायमचा जातो. बरेच किल्ले आणि लेणी केंद्राच्या किंवा राज्याच्या पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहेत. तिथे परवानगी घेऊन, जाणकाराला सोबत घेऊन आणि नोंद ठेवूनच काम करायला हवं. भेगा बुजवताना हाताशी आहे म्हणून सिमेंट थापणंही घातक. जुन्या बांधकामाशी चुन्याचा मेळ बसतो, सिमेंटचा बसत नाही.

जुलै 2025 मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या 12 किल्ल्यांना जागतिक वारसा यादीत स्थान दिलं. त्यांतले 11 महाराष्ट्रात आहेत: साल्हेर, शिवनेरी, लोहगड, खांदेरी, रायगड, राजगड, प्रतापगड, सुवर्णदुर्ग, पन्हाळा, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग; बारावा तमिळनाडूतला जिंजी. या मानाबरोबर पर्यटकांची गर्दी वाढणार, आणि तिचा पहिला भार पाण्यावर येणार. टाक्यात पोहणं, साबण लावून हात-पाय धुणं, रिकाम्या बाटल्या आणि वेष्टणं आत टाकणं हे आजही सर्रास चालतं. त्याच टाक्यावर गडाखालचे धनगर, गुराखी, गडावरच्या देवाचे पुजारी आणि पुढच्या आठवड्यात येणारे भटके अवलंबून असतात, याचा विचार होत नाही.

म्हणून वाचकाला सांगणं एवढंच आहे. पुढच्या वेळी गडावर किंवा लेण्यांत जाल तेव्हा टाक्यांपाशी थांबा, पन्हळ कुठून आली आणि पाणी कुठे जातं ते शोधा, मुलांना दाखवा. पाणी घ्यायचं तर स्वच्छ भांड्याने वरून घ्या, गाळून आणि उकळून प्या आणि पाण्यात पाय घालू नका. तुमच्या भागातल्या गडाच्या टाक्यांची यादी करा, कोणत्या टाक्यात चैत्रापर्यंत पाणी असतं ते गावकऱ्यांना विचारून लिहून ठेवा आणि साफसफाईसाठी पुरातत्त्व खात्याकडे रीतसर अर्ज करा. आज ज्या डोंगरांखालच्या आपल्या गावांना टँकर लागतात, त्याच डोंगरांवर आपल्या पूर्वजांनी छिन्नीच्या बळावर आठ महिन्यांचं पाणी राखलं होतं. त्यांनी खोदलेलं निदान बुजू न देणं, हे आपलं काम आहे.